बुरशी लागलेली कॅसेट

मधूभाऊ गेले त्याच्या तिसऱ्या दिवशी पेपरात त्यांचा फोटो आला. मागे कॅसेटींनी भरलेली फळी, पुढे मधूभाऊ आणि खाली मथळा: कॅसेटवर प्रेम करणारा माणूस हरपला. मजकुरात काय वाट्टेल ते. त्यांनी म्हणे काळाला धरून ठेवलं होतं. जुन्या वस्तूंवर जीव लावणाऱ्या पिढीतले ते म्हणे शेवटचे. मी चहा निवू दिला, सगळं दोनदा वाचलं आणि पेपर रद्दीत टाकला. प्रेम! डोंबलाचं प्रेम. ज्याने लिहिलंन त्याने मधूभाऊंना एकदा तरी विचारलं होतंन का, की बाबा रे, हे दुकान तू का चालवतोयस?

मी विचारलं होतं. रत्नागिरीत राम आळीच्या पुढच्या बोळात त्यांचं दुकान, आणि त्याच्या समोर पहिल्या मजल्यावर आमचं बिऱ्हाड. मी हायस्कूलला विज्ञान शिकवायचे. फटकळ बाई म्हणून माझी ख्याती आहे आणि ती खोटी नाही. पण या गोष्टीत माझा फटकळपणा नको तिथे चालला आणि हवा तिथे बसकण मारून बसला, म्हणून आता लिहायला घेतलंय.

दुकान केवढं, तर चार माणसं आली की पाचव्याने बाहेर उभं राहावं. पुढे काउंटर, मागे पडदा, पडद्याआड भिंतींना गोणपाट ठोकलेली छोटी खोली. तिथे बसून मधूभाऊ कॅसेटी भरायचे. म्हणजे लोक आवडत्या गाण्यांची यादी घेऊन यायचे आणि मधूभाऊ ती गाणी एका कॅसेटवर उतरवून द्यायचे. पण यादी दिली आणि झालं, असं नसे. ते यादी चष्म्याजवळ नेऊन वाचत आणि गिऱ्हाइकाची शाळा घेत. एका लग्नघरच्या मंडळींना त्यांनी माझ्यासमोर सांगितलं होतं, "मुलगी सासरी जाण्याच्या गाण्यावर लगेच लावणी लिहिलीत. बायकांना डोळे पुसायला तरी वेळ द्याल की नाही?" मंडळी चिडली, पण मधूभाऊंनी मध्ये एक सनईचा तुकडा घातला तेव्हाच कॅसेट भरली.

दुसरा त्यांचा अभिमान म्हणजे बाजू संपताना गाणं कधी तुटायचं नाही. इतरांच्या कॅसेटीत शेवटचं गाणं अर्ध्यावर खटकन बंद पडायचं. मधूभाऊ आधी वहीत मिनिटं मांडायचे, बेरीज करायचे, एखादं गाणं इकडचं तिकडे करायचे. भरून झाली की कॅसेटच्या मागच्या कडेला असते ती प्लॅस्टिकची टिकली पेचकसाने मोडायची. टिकली मोडली की त्या कॅसेटवर पुन्हा दुसरं काही भरता येत नाही. गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत ते ती कट्कन मोडत आणि म्हणत, "झालं. आता तुमच्या नातवाने ठरवलं तरी पुसता यायची नाही."

आणि कॅटलॉग. मुंबईच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांचे छापील कॅटलॉग टपालाने यायचे. बारीक अक्षरात हजार वस्तू, प्रत्येकीला नंबर, मधूनमधून एखाद्या अँप्लिफायरचं चित्र. मधूभाऊ त्यांना पाठ्यपुस्तकासारखी खाकी कव्हरं घालत आणि दुपारी जेवण झालं की दुकानाची अर्धी फळी लावून ते वाचत बसत. आमच्याकडे दिवाळी अंकाला नव्हती एवढी त्यांच्याकडे कॅटलॉगाला इज्जत. कुठल्या वस्तूचा कुठला नंबर, ते त्यांना तोंडपाठ. एकदा माझ्या रेडिओचं बटण तुटलं, तर त्यांनी न बघता पान सांगितलं. मी ताडून पाहिलं, बरोबर होतं.

पावसाळ्यात मात्र त्यांचा जीव टांगणीला लागायचा. आमच्याकडच्या दमट हवेत कॅसेटच्या पट्टीला पांढरी बुरशी धरते, कॅसेट वाजवली की यंत्राचं तोंडही खराब होतं. म्हणून कॅसेटींच्या कपाटात चाळीसचा एक बल्ब चारही महिने पेटता. वीज गेली की मधूभाऊंची घालमेल बघवत नसे. एकदा आषाढात दोन दिवस वीज नव्हती. आमच्याकडे इन्व्हर्टर. मधूभाऊ धो धो पावसात एक पत्र्याचा डबा पोटाशी धरून जिना चढून आले आणि म्हणाले, "बाई, एवढा तुमच्या देव्हाऱ्यातल्या दिव्याजवळ ठेवा." मला वाटलं, दुकानातली सगळी मौल्यवान माया असेल. डब्यात एकच कॅसेट होती. लेबल कोरं. मी विचारलं, कोणाची? म्हणाले, द्वारकाबायची.

द्वारकाबाय मांडवीला राहायची. मिरकरवाड्याच्या बंदरावरून मासे घेऊन आमच्या बाजूला विकायला यायची, अंगाने काटक, बोलायला खमकी. नवरा लवकर गेला. मुलगी लांज्याला दिलेली. मुलगा रवी मालवाहू जहाजावर खलाशी. द्वारकाबायला अक्षरओळख नाही आणि रवी भर समुद्रात, तेव्हा दोघांची पत्रं कॅसेटवर चालायची. तेव्हा आमच्याकडे अशी कितीतरी घरं होती. एकच कॅसेट जायची आणि यायची. ए बाजू पोराची, बी बाजू आईची. तो तिकडून ए बाजूवर बोलून पाठवायचा, ती मधूभाऊंच्या मागच्या खोलीत बसून ऐकायची आणि बी बाजूवर उत्तर भरायची. मग तो तिकडे जुनं पुसून ए बाजूवर नवीन बोलायचा. दर खेपेला नवी कॅसेट कोण घेतो? त्यामुळे या येरझाऱ्या घालणाऱ्या कॅसेटींची टिकली मधूभाऊ मोडत नसत. मोडून चालणारच नव्हतं.

आता जे मला पुष्कळ उशिरा कळलं ते तुम्हाला आत्ताच सांगते, उगाच झाकून ठेवण्यात अर्थ नाही. गणपतीच्या आदल्या दिवशी रवीची कॅसेट आली. दुकानात आरत्यांच्या कॅसेटींसाठी ही झुंबड. मधूभाऊंनी द्वारकाबायला मागे बसवून रवीची बाजू ऐकवली. तिने पुन्हा ऐकायची म्हटलं, त्यांनी पुन्हा गुंडाळून ऐकवली. मग सवयीने पुन्हा गुंडाळली, तेवढ्यात काउंटरवरून हाका आल्या, ते बाहेर गेले, धावत आत आले, लाल बटण दाबलं, "हं, बोल गं बाय" म्हणाले आणि परत बाहेर पळाले. बाजू फिरवायची राहिली. द्वारकाबाय पंधरा मिनिटं, पोराहूनही जास्त, त्याच्याशी बोलली आणि तिच्या एकेका शब्दासरशी पोराचा शब्द पुसला गेला. कॅसेट पाकिटात घालून रवाना झाली.

ती रवीला मिळालीच नाही. कुठल्याशा परदेशी बंदरात जहाजाच्या मालखान्यात पडून तो गेला. चोवीस वर्षांचा होता. पेटी आली ती सीलबंद, तोंडसुद्धा बघू दिलं नाही. आणि त्यानंतर दीड-दोन महिन्यांनी ते पाकीट शिक्के खात खात मधूभाऊंच्या पत्त्यावर परत आलं. त्यांनी द्वारकाबायला निरोप पाठवला, की रवीचा आवाज परत आलाय, ये. ती यायच्या आधी कॅसेट नीट चालतेय ना, ते बघावं म्हणून त्यांनी ती लावली. ए बाजूला द्वारकाबाय. फिरवली, बी बाजूलाही द्वारकाबाय, आधीच्या खेपेला भरलेली. रवी कुठेच नाही.

ती दारात आली तेव्हा मधूभाऊंच्या तोंडून निघालं, "पट्टीला बुरशी लागलीय गं. साफ करून देतो."

एवढंच खोटं. त्या दिवशी पुरतं बोललेलं. कोकणात कॅसेटला बुरशी लागणं म्हणजे काही नवल नाही, तिने लगेच मान्य केलं. म्हणाली, सावकाश कर, तुटायला नको. आणि मग ती पंचवीस वर्षं विचारत राहिली.

दर आठ-पंधरा दिवसांनी टोपली दुकानाच्या पायरीवर टेकायची आणि आत डोकवायची. "मधू, झाली काय रे?" मधूभाऊ म्हणायचे, "थोडी राहिलीय. औषध मागवलंय मुंबईहून." ती कधी तक्रार करायची नाही. उलट त्यांच्या हाताला यश यावं म्हणून टोपलीतली सर्वांत ताजी सुरमई नाहीतर चांगले मूठभर बांगडे पानात बांधून काउंटरवर ठेवायची आणि ते नको नको म्हणत असतानाच निघून जायची. मधूभाऊंनी मासे सोडले ते तेव्हापासून. लोकांना वाटलं, कसला तरी नेम धरलाय. पानात बांधलेले मासे ते आमच्या घरी पाठवायचे, आणि मी ते खायचे. चवीने खायचे, वर तिखट कमी पडलं म्हणून घरच्यांना बोलायचे.

माझा आणखी एक गुन्हा आहे. हे सगळं मला ठाऊक नव्हतं त्या दिवसांत मधूभाऊ एकदा वर आले. मी सहामाहीचे पेपर तपासत होते. म्हणाले, "बाई, एक शंका. पट्टीवर नवीन भरलं की जुना आवाज अगदी जातो, का तळाशी थोडा उरतो?" मी मान वर न करता म्हटलं, "थोडा उरतो. चुंबकत्व संपूर्ण जात नाही. आणि कडेला तर पुसायचं राहूनही जातं." शास्त्र म्हणून ते फार चुकीचं नव्हतं. पण त्या उरलेल्यातून माणसाचा आवाज काढणं म्हणजे समुद्रात टाकलेलं मीठ चिमटीत परत धरण्यापैकी. ते सांगायचं राहिलं. आणखी वीस पेपर तपासायचे होते मला.

तिथून मधूभाऊ पिसाटले. कॅटलॉग आता वेगळ्या कारणासाठी उघडले जाऊ लागले. पट्टीची नुसती कड वाचणारं यंत्र कुठे मिळेल? बारीक तोंडाचा हेड कोण विकतो? त्यांनी त्या दुकानांना पत्रं घातली. काही दुकानं केव्हाच बंद झाली होती, कार्डं परत यायची, वर टपालवाल्याचा शेरा. कॅसेटी संपल्या, सीडी आल्या, त्या गेल्या, मोबाइल आले. आळीतल्या दुकानांनी कव्हरं आणि चार्जर ठेवले. मधूभाऊ मात्र भंगारवाल्यांकडून मोडके टेपरेकॉर्डर आणत राहिले. एकेकाचा हेडचा स्क्रू केसभर फिरवायचा, द्वारकाबायची कॅसेट लावायची, कानाला हेडफोन, डोळे मिटलेले. बायको बोलून बोलून थकली आणि पुण्याला मुलाकडे जाऊन राहिली. लोक म्हणाले, मधूभाऊंना जुन्याचा नाद. नाद कसला, काळजाला लागलेली वाळवी होती ती.

एका दुपारी त्यांनी मला हाक मारली. हाक अशी, की मला वाटलं शॉक बसला. मी चपला न घालता खाली धावले. त्यांनी हेडफोन माझ्या कानावर चढवला आणि म्हणाले, "ऐका. 'आये' म्हणतोय. ऐकू येतंय ना?" मी ऐकलं. खरखर होती. दूरवर कुणीतरी बाई बोलतेय असं काहीतरी. पुन्हा ऐकलं. खरखर. मी म्हटलं, "मधूभाऊ, काही नाहीये यात." ते म्हणाले, तुम्ही वर्गात ओरडून ओरडून बहिऱ्या झालात. मग खुर्चीवर बसले, आणि मी वर सांगितली ती सगळी हकीकत त्यांनी मला सांगितली, कुठेही न थांबता, माझ्याकडे न बघता.

त्याला आता अकरा वर्षं झाली. त्या दिवसापासून द्वारकाबायचे मासे माझ्याही घशाखाली उतरेनात. मी मधूभाऊंच्या मागे लागले, सांगून टाका. ते म्हणत, गणपती होऊ देत. गणपती होत. मग म्हणत, दिवाळीत कशाला, शिमग्याला सांगतो. शिमग्याला पालखी नाचून जायची आणि मधूभाऊंना ताप भरायचा. मी भांडले, अबोला धरला, पुन्हा बोलले. पण द्वारकाबाय माझ्याच दारात टोपली उतरवून बसायची, मासे मोजून द्यायची, "मधू करील गे, हुशार हाय तो" म्हणायची, तेव्हा मी काय करायचे? सुट्टे पैसे शोधायला आत जायचे. गावभर तोंड चालवणारी मी, तिच्यापुढे दहा वर्षं मुकी राहिले. दुसऱ्याचं पाप आहे, आपण कशाला बोला, असं मी स्वतःला सांगत होते. ते खरं नव्हतं. मला तिचा चेहरा बघायचा नव्हता.

मध्ये पुण्याहून दोन तरुण आले. कॅमेरा, झुबकेदार दाढ्या. त्यांना कॅसेटींचं वेड, कॅटलॉग बघून तर ते हरखलेच. एकाने ते सगळेच्या सगळे विकत मागितले. मधूभाऊ नाही म्हणाले, तर त्याला वाटलं, केवढी ही निष्ठा. दुसऱ्याने पत्र्याचा डबा उघडला. "काका, ही दुर्मीळ आहे का?" मधूभाऊ असे अंगावर धावून गेले, की पोरगा काउंटरला धडकला. मग त्यांनीच त्याला पाणी दिलं. शेवटी कॅमेऱ्यासमोर त्यांना विचारलं, काका, त्या दिवसांतली कुठली गोष्ट मनाला लागून राहिलीय? मधूभाऊ म्हणाले, "एका कॅसेटची टिकली मोडायला हवी होती. नाही मोडली." दोघेही हसले. तो व्हिडिओ म्हणे लाखो लोकांनी पाहिला, खाली सगळ्यांनी बदामाची चिन्हं काढली होती. माझ्या भाचीने मला तो कौतुकाने दाखवला. मी तिला म्हटलं, बंद कर ते.

गेल्या वर्षी भाद्रपद सरताना द्वारकाबाय रिक्षातून आली. टोपली केव्हाच सुटली होती, गुडघे गेले होते. मी खाली उतरले आणि तिला दंडाला धरून पायरी चढवली. ती नेहमीच्या जागी उभी राहिली नाही, पडदा सारून थेट मागच्या खोलीत गेली आणि स्टुलावर बसली. मी तिथेच पडद्याजवळ थांबले.

म्हणाली, "मधू, त्याचं तोंड माझ्या डोळ्यांसमोर येतं. आवाज येत नाय आता. परवापासनं आठवत्ये, आठवत्ये, येतच नाय. तू ती बुरशीसकट लाव. खरखर करू दे. जेवढं निघेल तेवढं निघेल."

मधूभाऊंच्या हातात पेचकस होता. तो त्यांनी खाली ठेवला, पुन्हा उचलला, पुन्हा ठेवला. मी त्यांच्याकडे बघत होते आणि त्यांना कळत होतं की मी बघतेय. मग ते तिच्यासमोर जमिनीवर बसले.

"द्वारकाबाय, बुरशी नाही त्याला. कधीच नव्हती. मी पुसला गं त्याला. त्या दिवशी गर्दीत बाजू फिरवायची राहिली, आणि तू बोललीस ती त्याच्यावरच भरली गेली. परत आली तेव्हा मला कळलं. तुला सांगायचं धाडस झालं नाही."

ती रडली नाही. मला वाटलं होतं, ती शिव्या घालेल, तिच्या तोंडाला आख्खा मिरकरवाडा भिऊन असे. ती गोणपाटाच्या भिंतीकडे वळली. मग बोलली ते अगदी सावकाश, समजावून सांगितल्यासारखं. रवीचा जोडीदार होता एक, सुधीर, त्याच जहाजावरचा. रवी गेल्यावर चार-पाच महिन्यांनी तो रजेवर आला आणि तिच्या घरी गेला. त्याच्याकडे एक कॅसेट होती, दोघांनी मिळून जहाजावर थट्टामस्करी करून भरलेली, त्याने आपल्या आईसाठी आणलेली. तो म्हणाला होता, आये, यात रवी खूप बोललाय, तू ठेव.

"मी बोलले, माझी मधूकडं हाय, तो दुरुस्त करतोय. ही तू तुझ्या आवशीला ने. त्यांच्या घरात पुढं तिच्यावर भजनं भरलानी." मग तिने पहिल्यांदा मधूभाऊंकडे पाहिलं. "तू तवा एक शब्द बोलला असतास, मधू, तर मी ती घेतली असती."

मधूभाऊंना ही कॅसेट ठाऊक नव्हती. मलाही नव्हती. म्हणजे रवीचा आवाज एकदा पुसला गेला तो चुकून, आणि दुसऱ्यांदा हातचा गेला तो बुरशीच्या थापेपायी. मधूभाऊंनी दोन्ही हातांनी आपलं डोकं धरलं. मला त्यांची कीव आली नाही, खरं सांगते. मला माझीही आली नाही.

"लाव," द्वारकाबाय म्हणाली.

"काय लावू? तूच आहेस त्यात."

"मग मला लाव."

त्यांनी कॅसेट लावली. आवाज मोठा केला. आणि त्या छोट्या खोलीत पंचवीस वर्षांपूर्वीची द्वारकाबाय बोलायला लागली, खणखणीत, बाजारात भाव सांगावा तशी. लिहिता-वाचता न येणाऱ्या माणसाच्या समोर पत्र नसतं, म्हणून ती ऐकलेला एकेक मुद्दा आधी बोलून मग उत्तर द्यायची, काही विसरू नये म्हणून.

"रव्या, तू बोललास की हितं थंडी लई हाय, नाकातनं पानी येतं. मग ती कानटोपी काय पेटीत ठेवायला दिली तुला? तू बोललास, आये, सुधऱ्या घोरतो, झोपू देत नाय. त्याच्या नाकाला चिमटा लाव. तू इचारलंस, काळी मांजर व्याली काय. व्याली, तीन पिल्लं, एक तुझ्यावानी खादाड. मांजराचं नाव काढलंस आनि हसलास तू. का हसलास रं? आनि मग मधीच थांबलास. कायतरी बोलायचं व्हतं तुला, मला कळतं. आलास की बोल."

मी पडद्याला धरून उभी होते. रवीची थंडी, रवीचा घोरणारा मित्र, रवीची मांजर, त्याचं हसू, त्याचं थांबणं, सगळं तिथे होतं, तिच्या आवाजात होतं. मधूभाऊ तोंड उघडं टाकून ऐकत होते. पंचवीस वर्षं त्यांनी ही पट्टी शेकडो वेळा लावली होती, पण दर वेळी द्वारकाबायचा आवाज दाबून तिच्या खालचं ऐकायला. ती काय बोलतेय ते त्यांनी एकदाही ऐकलं नव्हतं. मीही नाही.

बाजू संपली. द्वारकाबायने हात पुढे केला. मधूभाऊंनी कॅसेट काढून तिच्या हातात दिली. तिने ती पदराच्या टोकाला बांधली आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून उठली.

दुसऱ्या दिवशी मी मांडवीला गेले. आता तरी काहीतरी उपयोगाचं करावं म्हणून मी तिला सांगितलं, की ती कॅसेट मी मोबाइलमध्ये उतरवून देते, तुझ्याकडे राहायला आलेली लांज्याची नात बोट लावेल आणि तू हवी तेव्हा ऐक, मधूभाऊंचं तोंड बघायलाही नको. तिने मला शेवटपर्यंत बोलू दिलं. माझं मौन तिला कळलं होतं की नाही, ते मला आजही ठाऊक नाही. मी विचारलं नाही.

"नको," ती म्हणाली. "त्यालाच येऊ दे. पंचवीस वरसं मी त्याच्या दारात गेले. आता त्याने माझ्या दारात यावं. रोज."

हा निरोप मी मधूभाऊंना दिला. मला वाटलं, सत्तरीचा माणूस, रक्तदाब, हे ऐकून खचेल. मधूभाऊंनी चष्मा पुसला आणि विचारलं, "किती वाजता म्हणाली?"

त्यानंतर चार वाजले की दुकानाची फळी लागायची. कापडी पिशवीत बॅटरीवरचा टेपरेकॉर्डर, खिशात जास्तीच्या बॅटऱ्या, डोक्याला उपरणं. रिक्षा घ्या म्हटलं तर घेत नसत. मांडवीपर्यंत चालत जायचे, वाटेत दोनदा कट्ट्यावर टेकायचे. द्वारकाबाय त्यांना पडवीत घ्यायची नाही. ती आत खाटेवर, ते बाहेर पायरीवर. ती पदराची गाठ सोडून कॅसेट नातीच्या हाती बाहेर पाठवायची. वाजवून झाली की नात ती आत न्यायची. दोघांत बोलणं नाही. असं वर्षभर चाललं, पाऊस असो की ऊन. पेपरवाल्यांना यातलं काही मिळालं नाही.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते तिथेच. गणपती होऊन गेले होते, पण उकाडा होता. मी द्वारकाबायला गुडघ्याचं तेल द्यायला गेले होते आणि कुंपणाच्या बेड्यापाशीच थांबले, कारण कॅसेट चालू होती. मधूभाऊ पायरीवर बसले होते, उन्हाने पायरी तापलेली, टेपरेकॉर्डर मांडीवर, मान खाली. त्यांना धाप लागली होती, ती बेड्यापासूनही दिसत होती. बाजू संपली. एरवी त्या वेळी आतून नात यायची. त्या दिवशी द्वारकाबाय स्वतः भिंतीला धरून पडवीत आली. कोपऱ्यातला पाट तिने पायाने सरकवत सरकवत पुढे आणला, पायरीजवळ सावलीत सोडला आणि खांबाला टेकून उभी राहिली.

मधूभाऊंनी पाटाकडे पाहिलं. मग तिच्याकडे. त्यांनी टेपरेकॉर्डर मांडीवरून उचलला, दोन्ही हातांनी पाटावर ठेवला, कॅसेट पुन्हा पहिल्यापासून लावली आणि स्वतः त्या तापलेल्या पायरीवरच बसून राहिले.